“मित्र कॉपी करताना दिसला तर?” – हे उत्तर पाठ करून चालणार नाही!

मंडळी, मुलाखतींचा हंगाम सुरू झालाय. कॅट दिलेली पोरं आयआयएमच्या मुलाखतीची तयारी करतायत, काही जण परदेशातल्या मेडिकल कॉलेजची. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झालेली छोट्या छोट्या अनेक मुलाखतींची पद्धत आता ब्रिटनमध्येही चालते. त्यात नेहमी येणारा एक प्रश्न : परीक्षेत तुमचा जिवलग मित्र कॉपी करताना दिसला, तर काय कराल?

क्लासवाल्यांकडे उत्तर तयार आहे. ‘आधी मित्राशी एकांतात बोलेन, त्याची अडचण समजून घेईन, स्वतःहून कबूल करायला सांगेन, नाहीच ऐकलं तर वर कळवेन.’ उत्तर चुकीचं नाही हो! पण तीस पोरं तेच उत्तर त्याच क्रमाने घोकून जातात. म्हणजे कॉपीच्या विरोधातलं उत्तरसुद्धा कॉपी केलेलं!

आणि समोरच्याने हळूच विचारलं, “तुमच्या शाळेत कॉपी चालायची का? तेव्हा तुम्ही काय केलंत?” की पोराला घाम फुटतो. कारण हे नोट्समध्ये नसतं.

ते नोट्समध्ये का नाही, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. बारावीच्या केंद्राबाहेर मायक्रो झेरॉक्स घेऊन कोण उभं असतं? भिंतीवर कोण चढतं? भरारी पथक आलं की आत निरोप कोण धाडतं? काका, मामा, मोठा भाऊ, कधीकधी खुद्द बाप. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. २०२४ मध्ये ‘नीट’चा पेपर फुटला, तपास आपल्या लातूरपर्यंत पोहोचला, केंद्राचाही कडक कायदा लागू झाला. कायदे दोन झाले, पण भिंतीवर चढणारे खाली उतरले का?

लोक म्हणतात, “सगळेच करतात, मग माझ्याच पोराने का मागं राहायचं?” अहो, गुणवत्ता यादीत जागा मोजक्या असतात. कॉपी करून एक पोरगं वर सरकलं की कुणीतरी खाली जातं. ते खाली गेलेलं पोरगं शेजारच्या गल्लीतलं असतं, रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास केलेलं. आणि जो वर सरकला, तोच उद्या तुमच्या आईला इंजेक्शन देणार आहे.

दुसरं म्हणणं, “मुलाखतीत खरं बोललं तर सीट जाते.” जाईलही एखादी, हमी कुणीच देऊ शकत नाही. पण एखादी मुलगी म्हणाली, “सर, वर्गात कॉपी चालायची. मी केली नाही, पण बोललेही नाही. बोलले असते तर चुगलखोर ठरले असते,” तर समोरच्याला पुढे विचारण्यासारखं काहीतरी मिळतं. चुगलखोर म्हणायची भीती, मैत्री तुटायची भीती, मास्तरच सामील असतील तर सांगायचं कुणाला, हा खरा पेच आहे. प्रश्न विचारतात तो हा पेच तुम्ही कधी अनुभवलाय का, ते बघायला. घोकलेल्या उत्तरात तो नेमका गायब असतो.

म्हणून क्लासवाल्यांना सांगणं : नीतिमत्तेची उत्तरं विकू नका. पोरांना आपसात भांडू द्या, वाद घालू द्या. शिक्षकांना सांगणं : कॉपी पकडून देणाऱ्या पोराच्या पाठीशी एकदा तरी उभे राहा. आणि पालकहो, आज रात्री जेवताना पोराला हा प्रश्न विचारा. त्याने उलट विचारलं, “बाबा, तुम्ही काय केलं असतं?” तर विषय बदलू नका.

तुमच्या गावच्या केंद्रावर काय चालतं? कॉमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, खरं तेवढं लिहा.