टाळी कोणास?

टाळी वाजविणें ही क्रिया दिसावयास मोठी सोपी आहे. दोन तळहात एकमेकांवर आपटले कीं काम झालें! परंतु ती कोणत्या क्षणीं वाजली आणि कोणासाठीं वाजली, याचा विचार टाळी देणारा सहसा करीत नाहीं. हात आधीं उठतात. बुद्धि मागाहून येते, आणि पुष्कळदां येतच नाहीं. आमची स्वतःची अशीच एक टाळी आज कित्येक वर्षें आमच्या मनांत सलत आहे. तिची हकीकत सांगून तीवरून सुचलेले चार विचार वाचकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सन २०१६ च्या डिसेंबर महिन्यांत ‘रोग वन’ या नांवाचा एक अमेरिकन चित्रपट प्रसिद्ध झाला. हें नांव देवनागरींत वाचणारास एखाद्या रोगट अरण्याचा भास होईल. परंतु इंग्रजींत ‘रोग’ म्हणजे कोणाच्या आज्ञेंत न राहणारा, कळप सोडून निघालेला, असा अर्थ आहे. जॉर्ज ल्यूकस यांनीं १९७७ सालीं ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटानें अंतराळांतील एका काल्पनिक साम्राज्याची व त्याविरुद्ध उठलेल्या बंडखोरांची जी कथा आरंभिली, तिचेंच हें एक उपाख्यान. महाभारतांत जशीं मूळ कथेस धरून, तरी स्वतःच्या पायांवर उभीं राहणारीं उपाख्यानें आहेत, तसाच हा प्रकार समजावा. मूळ चित्रपटाच्या आरंभीं पडद्यावर जो मजकूर सरकत जातो, त्यांत बंडखोरांच्या हेरांनीं साम्राज्याच्या एका प्रलयंकर शस्त्राचे गुप्त नकाशे पळविले, असा उल्लेख आहे. ते हेर कोण होते, त्यांचें पुढें काय झालें, याविषयीं अवाक्षर नाहीं. चित्रपटांतील दृश्यचमत्कारांची योजना करणारे तंत्रज्ञ जॉन नोल यांस त्या एका उल्लेखांत एक संपूर्ण कथा दिसली, आणि गॅरेथ एडवर्ड्स यांनीं ती पडद्यावर आणिली.

ही कथा लोकांस रुचेल कीं नाहीं, याविषयीं या चित्रपटमालेच्या भक्तांतच शंका होती. मूळ कथेंतील आवडता नायक नाहीं, आरंभींचा सरकता मजकूरहि नाहीं, आणि शेवट तर असा कीं मुख्य पात्रांपैकीं एकहि जिवंत उरत नाहीं! परंतु चित्रपटास जगभर मिळून शंभर कोटि डॉलरांहून अधिक उत्पन्न झालें, आणि पुष्कळ भक्तांनीं मूळ चित्रपटांच्या खालोखाल यासच स्थान दिलें. दोष दाखविणारेहि होते. पूर्वार्ध विस्कळित आहे, प्रेक्षक एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर उगाच हिंडविला जातो, पात्रांची पुरती ओळख होण्यापूर्वींच त्यांचा अंत होतो, असे त्यांचे आक्षेप होते. हे आक्षेप आम्हांस सर्वस्वीं खोटे वाटत नाहींत. परंतु उत्तरार्धांत एक अंध साधक गोळ्यांच्या वर्षावांतून शांतपणें चालत जाऊन एक कळ दाबतो, एक भित्रा वैमानिक आपल्या वांट्याचें काम पुरें होतांच मरतो, एक यंत्रमानव दार अडवून उभा राहतो, आणि अखेरीस जिन व कॅसियन ही दोघें नकाशे आकाशांत धाडून समुद्रतीरीं मृत्यूची वाट पाहतात, तेव्हां पूर्वार्धाचे सर्व अपराध प्रेक्षक क्षमा करतो. आपल्या कामाचें फळ यांपैकीं एकासहि दिसलें नाहीं. हा वीररस करुणांत भिजलेला आहे, आणि जगांतील लक्षावधि लोकांनीं तो ओळखिला, हें त्यांच्या रसिकतेस भूषणावह आहे.

प्रेक्षकांच्या कौतुकाची एक हकीकत तर आम्हांस फार हृद्य वाटली. कॅसियनची भूमिका करणारे डिएगो लूना हे मेक्सिकोचे. त्यांच्या इंग्रजींत मायबोलीचा हेल स्पष्ट उमटतो, आणि त्यांनीं तो लपविला नाहीं. एका मुलीनें आपल्या मेक्सिकन पित्यास हा चित्रपट दाखविला. नायकाचें बोलणें आपल्यासारखेंच आहे, हें त्या गृहस्थाच्या ध्यानांत आलें. चित्रपटास पैसा मिळाला काय, आणि लोकांस तो आवडला काय, असें त्यानें मुलीस विचारलें. होकार मिळाल्यावर पुढें त्यास फार आनंद झाला. मुलीनें लिहिलेली ही हकीकत २०१७ च्या आरंभीं लूना यांनीं स्वतः सर्वांपुढें मांडिली. सारा जन्म ज्या हेलाबद्दल मनुष्यास संकोच वाटावा, त्याच हेलास जगाची टाळी मिळालेली पाहणें ही लहान गोष्ट नव्हे.

आतां आमच्या टाळीकडे वळूं. त्या वर्षीं नाताळच्या सुट्टींत मुंबईंतील एका चित्रपटगृहांत आम्हीं हा चित्रपट पाहिला. समुद्रतीरावरील तो शेवट होतांच सभागृह निःशब्द झालें. आमच्या शेजारची मुलें डोळे पुसत होतीं. इतक्यांत दृश्य बदललें. नकाशे हाती आलेले बंडखोर शिपाई जहाजाच्या एका अंधाऱ्या बोळांत अडकले आहेत. दार अर्धवट उघडून बसलें आहे. अंधारांतून यंत्राच्या श्वासाचा परिचित आवाज येतो, आणि लाल प्रकाशाची तरवार लखकन् उजळते. तो डार्थ व्हेडर! साम्राज्याचा क्रूर सेनानी. तो त्या शिपायांस एकामागून एक कापून काढतो. कोणास छतावर आपटतो, कोणाचें शस्त्र दुरूनच हिसकावून घेतो. आणि सारें सभागृह आनंदानें गर्जून उठलें. शिट्या झाल्या, टाळ्या झाल्या. त्यांत आमचीहि टाळी होती.

घरीं परततांना आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्यांच्या मरणासाठीं आम्ही दोन मिनिटांपूर्वीं रडत होतों, त्यांच्याच सोबत्यांच्या कत्तलीस आम्हीं टाळी दिली! हा प्रकार केवळ आमच्याच गांवचा नव्हता. या चित्रपटाविषयीं भक्तांनीं जें लिहिलें व बोललें, त्यांत या एका बोळाइतकी स्तुति दुसऱ्या कोणत्याहि प्रसंगाची झाली नसेल. विशेष हें कीं, हा प्रसंग मूळ आराखड्यांत नव्हता. तो फार उशिरां सुचला व जोडण्यांत आला. जोडणारांनीं प्रेक्षकांचें मन अचूक ओळखलें होतें, असेंच म्हणावें लागेल.

यावर कोणी म्हणेल, ‘हा रौद्ररस आहे, रौद्राचाहि आस्वाद असतो. रावणाचें काम करणाऱ्या नटास टाळी देणारा कांहीं रावणाचा पक्षपाती होत नाहीं.’ हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. तो प्रसंग कुशल आहे, आणि ज्या सत्तेशीं त्या हेरांची गांठ होती ती किती भयंकर होती, हें त्यावरूनच पुरतें कळतें. आमची तक्रार प्रसंगाविरुद्ध नाहीं. आमच्या नजरेविरुद्ध आहे. पुढें आम्हीं तो प्रसंग पुन्हां पाहिला, तेव्हां एक गोष्ट दिसली, जी पहिल्या खेपेस दिसलीच नव्हती. त्या अडकलेल्या दाराच्या फटींतून एक शिपाई नकाशांची तबकडी पलीकडच्या सोबत्याच्या हातीं देतो. आपण वांचणार नाहीं, हें त्यास ठाऊक असतें. दार उघडण्यासाठीं तो ओरडतो; तें उघडत नाहीं असें दिसतांच, ‘ही तरी घ्या’ म्हणून तो हात पुढें करतो. साऱ्या चित्रपटाचें सार त्या एका हातांत आहे. परंतु प्रकाश लाल तरवारीवर होता. म्हणून आमचे डोळेहि तिकडेच होते.

आणखी एक उदाहरण याच चित्रपटांत आहे. मूळ चित्रपटांत टार्किनची भूमिका करणारे पीटर कुशिंग १९९४ सालीं वारले. तथापि ‘रोग वन’मध्यें टार्किन पुन्हां दिसतो! गाय हेन्री या नटानें ती भूमिका केली, आणि संगणकाच्या साह्यानें त्याच्या मुखावर कुशिंग यांचें मुख चढविण्यांत आलें. मृताचा चेहरा असा वापरावा काय, यावर भक्तांत मोठा वाद माजला. पुढें राजकन्या लेयाचें काम करणाऱ्या कॅरी फिशर २७ डिसेंबर २०१६ रोजीं निवर्तल्या. त्यांचा तरुण चेहराहि याच चित्रपटाच्या अखेरीस तशाच युक्तीनें दाखविला होता. तेव्हां कंपनीस जानेवारींत जाहीर करावें लागलें कीं, त्यांची अशी प्रतिमा पुनः घडविण्याचा आपला बेत नाहीं. वाद योग्यच होता. परंतु त्या गदारोळांत, मुखवट्याखालीं खरोखर चाललेला, बोललेला, श्रमलेला गाय हेन्री कितीजणांस आठवला?

मात्र प्रेक्षकवर्गास शहाणपण येतच नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. कॅसियनच्या पूर्वायुष्यावर ‘अँडोर’ ही चोवीस भागांची मालिका २०२२ व २०२५ या वर्षीं दोन खंडांत निघाली. तींत व्हेडर नाहीं. प्रकाशाच्या तरवारींचें द्वंद्व नाहीं. भंगार विकणारे, कारखान्यांत राबणारे कैदी, कारकून, विधवा अशीं साधीं माणसें तींत आहेत. तरीहि ती पुष्कळ भक्तांनीं डोक्यावर घेतली. ज्या नजरेस पूर्वीं दाराच्या फटींतील हात दिसला नव्हता, तिला तो दिसूं लागला होता, असें आम्ही समजतों.

असो. येत्या स्नेहसंमेलनांत नाटक होईल, बक्षिसें वांटलीं जातील, आणि टाळ्यांचा कडकडाटहि होईल. तो अवश्य व्हावा. ज्यांनीं यश मिळविलें त्यांस तो मिळालाच पाहिजे. परंतु रंगभूमीच्या बाजूस अंधारांत उभा राहून कोणी एक विद्यार्थी तीन तास पडद्याची दोरी ओढीत असतो, आणि त्याचें नांव कार्यक्रमपत्रिकेवर बहुधा नसतें. या खेपेस आमची पहिली टाळी त्याच्यासाठीं राखून ठेवण्याचा आमचा निश्चय आहे. २०१६ सालची एक टाळी आमच्याकडे येणें आहे. ती अशी फेडावी म्हणतों.