खानेसुमारीत न सापडलेल्या आत्या

गेल्या महिन्यात अलिबागेस आमच्या मूळ घरी वंशावळ पुरी करण्याचा विषय निघाला आणि पणजोबांच्या वडील बहिणीवर सारे अडले. बालवैधव्य येऊन त्या माहेरी परतल्या आणि आईवेगळ्या पणजोबांस त्यांनीच वाढविले, एवढे घरात सर्वांस ठाऊक. नाव मात्र कोणासच सांगता येईना; जो तो त्यांस ‘आत्या’च म्हणत आला!

विलायतेत 1921 ची खानेसुमारी शंभर वर्षांनी, 2022 साली, सर्वांस खुली झाली आणि लोकांनी आपापले आजे-पणजे राहत्या घरासह शोधून काढिले. हे वाचून आमच्या पुतण्याने आपल्याकडील 1881 ची खानेसुमारी पाहण्याचा हट्ट धरिला. त्या वर्षी 17 फेब्रुवारीस गणती झाली. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव 1981 चे. छापील अहवाल आम्ही चाळले. धर्म, जात, वय, धंदा, विधवा किती, साक्षर किती, सारे आहे. आमच्या घरचे नाव कोठून असणार? घरोघरच्या मूळ याद्या बेरजा झाल्यावर जपून ठेवण्याची वहिवाटच आपल्याकडे नव्हती, आणि पुढे 1948 च्या कायद्याने अशा याद्या पाहण्यास मनाईही झाली. सरकारने आकडे ठेविले, नावे ठेविली नाहीत, असे आमचे तात्या म्हणाले. बरे, याद्या मिळत्या तरी काय? बायकांची नावे सांगण्यास घरच्यांनी हरकत घेतल्यास नुसते ‘स्त्री’ असे लिहावे, अशी त्या काळी गणकांस सूचना असे.

अखेर आम्ही त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे गेलो. गाव व आडनाव सांगताच त्यांनी बासनातून लांबट वही काढिली. शके 1803 च्या चैत्रातील, म्हणजे गणतीनंतर दोन-अडीच महिन्यांच्या आतला, पणजोबांच्या हातचा मोडी लेख निघाला. बाप, आजा, भाऊ, आणि शेवटी ‘समागमे वडील भगिनी गोदू’. तात्यांस मोडी येते. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

घरी आल्यावर वाद उभा राहिलाच. वंशावळीत लेकींस जागा नसते, हे तात्यांचे म्हणणे. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुतण्याच्या खिशातील लेखणी घेतली आणि पणजोबांच्या शेजारी ‘गोदू’ असे लिहिले. तात्या बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग तीच लेखणी मागून घेऊन त्यांनी खाली बारीक अक्षरात भर घातली, ‘शके 1803 मध्ये विद्यमान.’