लॉनमोव्हर घेताना एकर नव्हे, उंचवटे मोजा





महाराष्ट्रात ज्यांना आपण नुसते ‘लॉन्स’ म्हणतो, त्यांना इकडे जयपुरात ‘मॅरेज गार्डन’ म्हणतात. एक-दोन एकरांची हिरवळ आणि लग्नसराईत तिच्यावर रोजचा मांडव. शाळांची मैदाने, मोठ्या सोसायट्या, शहराबाहेरची फार्महाऊस धरली तर मोठ्या हिरवळी सांभाळणारे लोक या शहरात कमी नाहीत. पावसाळा जवळ आला की गवत कापायच्या यंत्राची चौकशी सुरू होते आणि दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: जागा किती? एक एकर म्हटले की बसून चालवायचे रुंद यंत्र पुढे येते. जमीन टेबलासारखी सपाट असेल तर हा सल्ला योग्यच आहे. पण मांडवाच्या खांबांनी आणि मालाच्या ट्रकनी खड्डे पडलेली, पाइपलाइनचे चर खचलेली, मुळातच वाळूच्या टेकाडांवर वसलेली जमीन सपाट कुठून असणार? अशा ठिकाणी यंत्राची रुंदी क्षेत्रफळावरून ठरवणे चूक आहे. ती जमिनीच्या सर्वांत खराब तुकड्यावरून ठरवली पाहिजे.

याचे कारण साध्या भूमितीत आहे. यंत्राची चाके दोन कडांना असतात आणि पाते त्यांच्यामध्ये एकाच पातळीत फिरते. दोन चाकांच्या मध्ये उंचवटा आला की पाते त्याच्या माथ्याजवळ जाते. ते किती जवळ जाते, हे रुंदीच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे रुंदी दुप्पट झाली की फरक चौपट होतो. दोन मीटर रुंद आणि साडेबारा सेंटीमीटर उंच असा एखादा उंचवटा घ्या.  मागून ढकलत चालवायच्या 21 इंची यंत्राखाली त्याचा माथा साधारण 9 मिलिमीटर वर येतो, तर 42 इंची यंत्राखाली 36 मिलिमीटर. दोन्ही यंत्रे 50 मिलिमीटर उंचीवर लावलेली असली तरी माथ्यावर पहिले 41 मिलिमीटर गवत ठेवते आणि दुसरे फक्त 14. चौदा मिलिमीटरवर पाने उरत नाहीत, सुकलेल्या काड्या उरतात. हिरवळीला जागोजागी टक्कल पडते आणि दोष मात्र माळ्याला किंवा खताला दिला जातो. मधल्या खळग्यात याच्या उलट घडते. तिथे गवत नको तेवढे लांब राहते.

पुण्या-नाशिकच्या पावसात असे टक्कल पंधरवड्यात भरून निघेल. जयपुरात वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांना टेकतो, माती रेताड आहे, पाणी धरून ठेवत नाही. उंच राखलेले गवत जमिनीवर सावली धरते आणि त्याची मुळे खोल जातात. वारंवार खरवडलेल्या गवताची मुळे वरच राहतात आणि ते रोज पाणी मागते. हे पाणी येते टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून, शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरून. शहराला पूर्वी पाणी पाजणारा रामगढचा तलाव 1982 च्या आशियाई खेळांत नौकानयनाच्या शर्यती घेण्याएवढा भरलेला होता. आज तो कोरडा आहे. अशा शहरात यंत्राची निवड चुकली तर तिची भरपाई पाण्याने करावी लागते. मला हा मुद्दा सौंदर्याच्या मुद्द्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

यावर कोणी म्हणेल की आपली हरळी चिवट आहे, आणि गोल्फच्या मैदानांवर तर ती याहून बारीक कापतात. खरे आहे. पण तिथे जमीन घोटून सपाट केलेली असते आणि पाण्याची पक्की सोय असते. शिवाय गोल्फच्या फेअरवेवर चालणारे मोठे यंत्र बारकाईने पाहावे. त्याला एक रुंद पाते नसते. साधारण पाच अरुंद कापणी-संच असतात आणि प्रत्येक संच आपापल्या जागी वरखाली होत जमिनीच्या वळणाप्रमाणे चालतो. क्षेत्र मोठे आणि जमीन वळणदार असली की जाणकारसुद्धा अरुंद पात्यांकडेच येतात, फक्त अनेक पाती एकत्र जोडतात. रुंद यंत्रांना पात्याच्या कवचाखाली छोटी चाके बसवलेली असतात. ती उंचवट्यावर टेकली की कवच वर उचलले जाते, हे मान्य. माथा खरवडण्याचे प्रमाण त्यांनी कमी होते. पण कवच एका अखंड पट्टीसारखे वर येते, म्हणून आजूबाजूच्या खळग्यात गवत आणखी लांब राहते.

वेळेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. 21 इंची यंत्राने एक एकर कापायला वळणे धरून सुमारे तीन तास लागतात. बसून चालवायचे यंत्र तेच काम तासाभरात उरकते. मजुरी वाढत चालली आहे, हेही खरे. परंतु गवत जोमाने वाढते ते पावसाच्या तीन महिन्यांत. थंडीत हरळी जवळपास झोपी जाते आणि उन्हाळ्यात पाणी द्याल तेवढीच वाढते. तीन महिन्यांच्या सोयीसाठी वर्षभर टकले सांभाळायची का? काम खरोखरच आवरत नसेल तर एका रुंद यंत्राच्या पैशांत स्वतःच्या बळावर चालणारी दोन अरुंद यंत्रे घ्यावीत. एक बिघडले तरी काम थांबत नाही.

काही जण म्हणतात, आधी जमीन सपाट करा. जमेल तिथे जरूर करावी. खळग्यांत दर पावसाळ्यात थोडी थोडी चाळलेली माती भरणे हा चांगला उपाय आहे. सवाई जयसिंगांच्या काळातल्या सिसोदिया राणी बागेत उतार पायऱ्यापायऱ्यांनी मोडून सपाट तुकडे केलेले आजही दिसतात. पण त्यासाठी दगडी भिंती बांधाव्या लागल्या. जिथे दर हंगामात मांडवाचे खांब पुन्हा ठोकले जाणार आहेत, तिथे सपाटी टिकत नाही. यंत्र जमिनीला सोसणारे हवे.

मग कोणते घ्यावे? रिळाचे यंत्र नको. एडविन बडिंगने 1830 मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलेली ती रचना कात्रीसारखी सुबक कापते, पण फिरती आणि स्थिर पाती यांच्यातले अंतर केसभर जुळवून ठेवावे लागते. जयपूरची वाळू त्यांची धार झपाट्याने खाते. आडव्या फिरत्या पात्याचे यंत्र घ्यावे. ते पाते एका बोल्टने निघते आणि कोणत्याही वर्कशॉपमध्ये धार लावून मिळते. मागची चाके मोठी हवीत, म्हणजे खड्ड्यात अडकत नाहीत. ओढ मागच्या चाकांना हवी, कारण चढावर वजन मागे झुकते. कवच धातूचे असावे आणि कापण्याची उंची 50 मिलिमीटरच्या वर नेता यावी. बॅटरीचे की पेट्रोलचे, हा प्रश्न दुय्यम आहे. मेच्या दुपारी तापलेली बॅटरी चार्ज व्हायला कुरकुर करते एवढे लक्षात ठेवले की पुरे.

सुरक्षेकडेही डोळेझाक करता येत नाही. बसून चालवायच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत साधारणपणे 15 अंशांहून अधिक उतारावर ती नेऊ नयेत असे बजावलेले असते. ओल्या गवतावर ती घसरून उलटू शकतात. त्याहून तीव्र उतारावर मला हिरवळच अनाठायी वाटते. नाहरगढच्या पायथ्याशी 2021 मध्ये खुल्या झालेल्या किशन बागेत वाळूचे उंचवटे तसेच राखून त्यांवर वाळवंटातली गवते आणि झुडपे वाढवली आहेत. तिथे हिरवळीसारखी नेमाने कापणी करावी लागत नाही. सेवण, धामण ही गवते आपल्याही उतारांवर लावता येतील.

सोसायट्यांच्या कार्यकारिणीला, शाळांच्या व्यवस्थापनाला आणि बागांच्या निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. मागणीपत्रात एकरांबरोबर सर्वांत मोठा उंचवटा, सर्वांत खोल खळगा आणि सर्वांत तीव्र उतार यांची मापे लिहा. विक्रेत्याला यंत्र शोरूममध्ये नव्हे, त्याच तुकड्यावर चालवून दाखवायला सांगा. माथ्यावर माती उघडी पडली तर ते यंत्र घेऊ नका.

आपला,
एक वाचक, मानसरोवर, जयपूर