तह झाला आणि घर फुटलें

भांडण मिटवावें, हें शहाणपण कोणीही सांगेल. परंतु मिटविणारा कोण, तो दोघांशीं एकत्र बोलतो कीं एकेकाला आड घेऊन, आणि शेवटीं बळ कोणाचें वाढतें, हें पाहिल्याशिवाय तहावर अंगठा उठवूं नये. याचा धडा आपल्या अलिबागच्या किनाऱ्यावरच आहे.

कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. त्यांच्यामागून आलेला सेखोजी १७३३ सालीं गेला आणि संभाजी व मानाजी या भावांत वारशाचा तंटा लागला. मध्यस्थ झाले बाजीराव पेशवे. १७३५ सालीं निवाडा झाला. संभाजीस सरखेल हा किताब आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडील किनारा मिळाला. मानाजीस वजारतमाआब हा किताब आणि कुलाबा. मान दोघांचाही राहिला, पण बापाचें एक आरमार होतें त्याचीं दोन झालीं. ज्या कोळ्या-भंडाऱ्यांच्या बळावर तें उभें होतें, त्यांना विचारलें कोणीं?

बरें, तंटा तरी मिटला का? १७४० सालीं संभाजीनें कुलाब्यावरच स्वारी केली, आणि मानाजीनें भावाविरुद्ध पेशव्यांची व इंग्रजांची मदत मागितली. तिसऱ्याच्या दारीं जाण्याची संवय लागली, कीं भाऊ परका आणि परका घरचा वाटूं लागतो. तहाला राजी असेल तो फितूर, नाराज असेल तो भांडखोर, अशी बोली घरांत शिरते. पुढें १७५६ सालीं संभाजीचा वारस तुळाजी याच्यावर इंग्रज व पेशवे मिळून चालून आले. विजयदुर्ग पडला, आरमार जळालें. समुद्रावर इंग्रज मोकळा झाला.

याच अलिबाग तालुक्यांत दुसराही धडा आहे. १९३३ सालीं नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखालीं चरी व आसपासच्या २५ गांवांतील कुळांनीं खोतांविरुद्ध संप केला. सहा वर्षें जमिनी ओस राहिल्या, पोटाला चिमटा बसला, पण संप मोडला नाहीं. १९३९ सालीं कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला.

आज बंदरें, रस्ते आणि कारखाने यांसाठीं जमीन मागणारे दलाल रायगड जिल्ह्यांत दारोदार फिरतात. थोरल्याला एक दर सांगतात, धाकट्याला दुसरा. बंधूंनो, बोलणीं करूं नका असें आम्ही म्हणत नाहीं. बोलणीं करा, पण चावडीवर, सर्वांसमक्ष करा. अटी घरच्या बायकांनाही वाचून दाखवा. आणि जो एकट्यालाच बाजूला बोलावील, त्याला सांगा: गांवाला बोलवा, मग येतों.