राखून ठेवलेला क्रमांक

मार्च २०२० मध्ये दुबई येथे झालेल्या फेड करंडकाच्या सामन्यांत भारताच्या महिला टेनिस संघाने प्रथमच जागतिक प्लेऑफपर्यंत मजल मारली. त्या संघात श्रीरामपूर येथे जन्मलेल्या ऋतुजा भोसले होत्या. पुढे २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्यासह त्यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला त्याचा रास्त अभिमान वाटला. दुबईच्या त्याच संघात सानिया मिर्झा होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना मुलगा झाला. जानेवारी २०२० मध्ये त्या होबार्ट येथे पुन्हा खेळायला उतरल्या आणि त्या पहिल्याच स्पर्धेत नादिया किचेनोक यांच्यासह दुहेरीचे विजेतेपद घेऊन परतल्या.

या पुनरागमनाचे कौतुक झाले ते जिद्दीचे आणि मातृत्वाच्या थोरवीचे. जिद्द होतीच, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका गोष्टीकडे कौतुक करणाऱ्यांचे फारसे लक्ष गेले नाही. २०२१ मध्ये टोकिओ ऑलिंपिकच्या दुहेरीत सानियांना प्रवेश मिळाला तो त्यांच्या राखून ठेवलेल्या नवव्या क्रमांकाच्या बळावर. त्या मैदानापासून दूर होत्या त्या काळात त्यांची जागा कोणी पुसून टाकली नव्हती. शरीर पूर्ववत करण्याचे कष्ट त्यांचे स्वतःचे होते. परतण्यासाठी दार उघडे होते ते मात्र नियमामुळे.

हे दार नेहमीच उघडे होते असे नाही. मार्गारेट कोर्ट यांनी आई झाल्यावर १९७३ मध्ये आणि इव्हॉन गुलागाँग यांनी १९८० मध्ये मोठी अजिंक्यपदे जिंकली. त्यानंतर एखाद्या आईने एकेरीचे असे अजिंक्यपद जिंकायला २००९ साल उजाडले, आणि त्या वेळी किम क्लायस्टर्सना अमेरिकन स्पर्धेत प्रवेश मिळाला तोही आयोजकांच्या मर्जीवर. सेरेना विल्यम्स पहिल्या क्रमांकावर असताना प्रसूतीसाठी थांबल्या. २०१८ मध्ये फ्रेंच स्पर्धेला आल्या तेव्हा त्यांना मानांकनसुद्धा नव्हते. त्यावर गदारोळ झाला आणि २०१९ पासून बाळंतपणानंतर तीन वर्षांपर्यंत जुना क्रमांक वापरण्याची तरतूद झाली. २०२५ मध्ये तर बारा महिन्यांपर्यंतची भरपगारी रजा जाहीर झाली. त्यासाठीचा पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीतून येतो, ही भांडवली क्रीडाजगताची गंमतच म्हणायची! पण हक्क मिळाला, तो आवाज उठल्यामुळे मिळाला, हे खरे.

आता याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका श्रमाकडे पाहावे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल घ्यायची ती कोयत्याच्या नावाने आणि मजुरी टनाच्या हिशेबाने. बाईचे वेगळे नाव कारखान्याच्या दफ्तरात नाही. दिवस भरलेली बाईही फडात मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन शिडीवरून ट्रक भरते. कोपीत बाळंत झाली तर काम बुडाले म्हणून खाडा धरला जातो आणि तो उचलीवर चढतो. म्हणून ओली बाळंतीण काही दिवसांतच पुन्हा कोयता हाती घेते. या पुनरागमनाची बातमी कुठे येत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात तोडणीकामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाले, तेव्हा कुठे २०१९ मध्ये शासनाला चौकशी समिती नेमावीशी वाटली.

कायदा नाही असे नव्हे. मुंबई कायदे मंडळात १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ मध्ये देशभरासाठी कायदा आला आणि २०१७ मध्ये बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांवर गेली. पण लाभ मिळण्यासाठी आधीच्या वर्षभरात मालकाकडे ८० दिवस काम केल्याचे दाखवावे लागते, आणि घोडे नेमके तिथेच पेंड खाते. मालक कोण? कारखाना वाहतूक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार मुकादमाकडे, आणि मुकादम म्हणतो, मी तर कारखान्याचाच माणूस. हंगामभर ऊस तोडूनही बाईला मालक सापडत नाही.

ज्या जिल्ह्यात १९५० च्या सुमारास लोणी येथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, तिथे हा प्रश्न परका मानता येणार नाही. कारखान्यांच्या सभासदांत समाजवादी विचारांचे अनेक जण आहेत. उसाच्या भावासाठी ते रस्त्यावर उतरतात. तोडणाऱ्या बाईच्या खाड्याविषयी मात्र त्यांच्या तोंडून सहसा शब्द निघत नाही. बाईची नोंद कोयत्याचा अर्धा भाग म्हणून न होता स्वतंत्र नावाने आणि थेट कारखान्याच्या दफ्तरात झाली पाहिजे. बाळंतपणाच्या काळातील मजुरी ऊसतोड कामगार महामंडळाच्या निधीतून मिळाली पाहिजे आणि पुढच्या हंगामात तिची टोळीतील जागा कायम राहिली पाहिजे. टेनिसपटूंना मिळाले त्याहून यात अधिक काही मागितलेले नाही.

हंगाम संपून टोळ्या गावी परतल्या की पाथर्डी-शेवगावकडील कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन किती बाळंतिणींचा खाडा धरला गेला याची यादी करावी. कारखान्यांच्या वार्षिक सभा पुढे यायच्याच आहेत. तिथे ती यादी सभासदांपैकीच कोणीतरी उभे राहून वाचावी.