ज्या कामांवर सुलतानांचे नाव नाही



घरात बाळ जन्मले आणि अकीक्याचा दिवस जवळ आला की नावांचे अर्थ विचारणारी पत्रे या सदराकडे येऊ लागतात. सलाहुद्दीन हे नाव त्यांत नेहमीचे. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे सलाउद्दीन होते, पण आई-वडिलांच्या मनात एकच व्यक्ती असते: बैतुल मुकद्दस परत मिळवणारे सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी (रह.). म्हणून या वेळी नुसता अर्थ न सांगता या नावाचा प्रवास सांगावा, असे आम्ही ठरवले.

आधी अर्थ. सलाह म्हणजे नेकी, भलेपणा. सलाहुद्दीन म्हणजे दीनची नेकी, दीनचे भले. मात्र हे सुलतानांचे पाळण्यातले नाव नव्हते. त्यांचे नाव यूसुफ आणि वडिलांचे अय्यूब, म्हणजे दोन्ही पैगंबरांची नावे. हिजरी ५३२ मध्ये, म्हणजे इ.स. ११३७-३८ च्या सुमारास, दजला नदीकाठच्या तिकरीत गावी एका कुर्द घराण्यात त्यांचा जन्म झाला. सलाहुद्दीन ही त्यांची लकब, मानाची उपाधी. त्या काळी मोठ्या माणसांना अशी लकब असेच. वडील नजमुद्दीन अय्यूब, चुलते असदुद्दीन शिरकूह, भाऊ सैफुद्दीन अल-आदिल आणि ज्यांच्या चाकरीत ही मंडळी होती ते नूरुद्दीन जंगी. वाचकांच्या लक्षात येईल की नजमुद्दीन, असदुद्दीन, सैफुद्दीन, नूरुद्दीन ही आज आपल्या घरांत सहज ठेवली जाणारी नावे त्या एकाच वर्तुळात उपाध्या म्हणून वावरत होती.

इ.स. ११६९ मध्ये यूसुफ मिसरचे वजीर झाले आणि त्यांना आणखी एक किताब मिळाला, अल-मलिक अन-नासिर, म्हणजे मदतीला धावणारा राजा. पुढे मिसर आणि शाम त्यांच्या हाताखाली आले. ४ जुलै ११८७ रोजी हित्तीनची लढाई झाली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, २७ रजब ५८३ या दिवशी, बैतुल मुकद्दस त्यांच्या स्वाधीन झाले. ८८ वर्षांपूर्वी क्रूसेडर त्या शहरात शिरले तेव्हा तिथे कत्तल झाली होती. सुलतानांनी मात्र ठरावीक मोबदला घेऊन रहिवाशांना जाऊ दिले, आणि ज्यांच्याजवळ द्यायला काही नव्हते अशांपैकीही पुष्कळांना सोडले. त्यांचे नाव शत्रूंच्या देशांतही आदराने घेतले गेले ते यामुळे. इटलीचा कवी दान्ते याने आपल्या महाकाव्यात त्यांना ख्रिस्ती नसलेल्या थोर माणसांच्या जागी बसवले. जर्मन लेखक लेसिंग याच्या १७७९ च्या नाटकात आणि इंग्रज वाचकांच्या आवडत्या वॉल्टर स्कॉटच्या १८२५ च्या कादंबरीत ते उदार राजा म्हणून येतात.

आज हे नाव कुठे कुठे आहे? मिसरमध्ये १९५२ च्या क्रांतीनंतर 'सलाहुद्दीनचा गरुड' हे राष्ट्रचिन्ह झाले. पुढे इराक, यमन आणि फलस्तीन यांनीही तो गरुड आपल्या चिन्हात घेतला. शाममध्ये लाजिकिया शहराजवळचा सहयूनचा जुना किल्ला सुलतानांनी ११८८ मध्ये जिंकला होता. १९५७ मध्ये त्याला सलाहुद्दीनचा किल्ला हे नाव मिळाले आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ब्रिटनमध्ये अल्विस कंपनीने बनवलेल्या एका चिलखती लष्करी गाडीचे नावही 'सलादिन'. गाझा पट्टीच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जाणारा हमरस्ता सलाहुद्दीन मार्गच आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर हे नाव आपण बातम्यांत पुन्हा पुन्हा ऐकले. गाठोडी डोक्यावर घेऊन, लेकरांचे हात धरून घर सोडणारी कुटुंबे त्याच रस्त्याने चालत होती.

सगळ्यांत जास्त विचार करायला लावते ते इराक. १९७६ मध्ये तिथल्या सरकारने नवा प्रांत केला, त्याला सलाहुद्दीन हे नाव दिले आणि तिकरीत ही त्याची राजधानी केली. त्याच भागात जन्मलेला हुकूमशहा सद्दाम हुसेन स्वतःला सुलतानांचा वारस म्हणवून घेई. आणि १९८८ मध्ये त्याच सरकारने अन्फालच्या मोहिमेत कुर्दांची गावेच्या गावे उजाड केली. १६ मार्च १९८८ रोजी हलबजा शहरावर विषारी वायू सोडला गेला आणि सुमारे ५,००० माणसे मेली. सुलतान स्वतः कुर्द होते. ज्यांचे नाव प्रांताला दिले, त्यांच्याच कौमच्या बाया-पोरांवर वायू सोडला. नाव घेणे सोपे असते, ते पाळणे अवघड. याहून कडू उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आता या नावाची दुसरी बाजू पाहू.

इब्न खल्लिकान (१२११-१२८२) हे दमिश्कचे काझी आणि मोठे चरित्रकार. त्यांचा जन्म इरबिलचा. आज त्याच इरबिलमध्ये सलाहुद्दीन विद्यापीठ आहे. सुलतानांचे चरित्र लिहिताना त्यांनी त्यांच्या नेक कामांची यादी दिली आणि एक बारीक गोष्ट टिपली. या माणसाने इतके मदरसे, इतक्या खानकाहा उभारल्या, त्यांना मोठमोठी वक्फ लावून दिली, पण लोकांच्या तोंडी त्यांतले जवळजवळ काहीच त्याच्या नावाने ओळखले जात नाही. इमाम शाफई (रह.) यांच्या कबरीजवळचा मदरसा लोकांच्या लेखी 'शाफई' एवढाच. काहिराच्या खानकाहीला नाव राहिले ते सईद अस-सुअदाचे, म्हणजे ती वास्तू पूर्वी ज्याची होती त्या राजवाड्यातल्या सेवकाचे. हनफी मदरसा तलवारी बनवणाऱ्यांच्या बाजारावरून सुयूफिया झाला, तर आणखी एका मदरशाला तिथे शिकवणाऱ्या उस्तादांच्या नावाने हाक पडली. मालिकी मदरशाला लोक कम्हिया म्हणू लागले. कम्ह म्हणजे गहू. त्याच्या वक्फच्या जमिनीचा गहू तिथे वाटला जाई, म्हणून हे नाव. इब्न खल्लिकान यांचा निष्कर्ष असा की खरा गुप्त सदका म्हणतात तो हाच.

काहिरातला त्यांचा दवाखाना असाच. जुन्या राजवाड्याच्या एका भागात तो उघडला होता. अंदलुसचे प्रवासी इब्न जुबैर यांनी ११८३ मध्ये तो पाहिला. रोग्यांना बिछाने, देखरेखीला माणसे, स्त्रियांसाठी वेगळा विभाग आणि मनाचा तोल गेलेल्यांसाठी वेगळी जागा, असे वर्णन त्यांनी केले आहे.

सुलतानांनी आपले नाव कुठेच कोरले नाही, असे मात्र समजू नये. काहिराच्या बालेकिल्ल्याच्या दरवाजावर त्यांच्या नावाचा शिलालेख आहे आणि बैतुल मुकद्दसमधला त्यांचा मदरसा सलाहिया म्हणूनच प्रसिद्ध झाला. पण त्याच बालेकिल्ल्यात खडक फोडून खोल विहीर खोदली गेली, तिला 'यूसुफची विहीर' म्हणतात. हे यूसुफ म्हणजे सुलतानच. पाहायला येणारे पुष्कळ लोक मात्र ती पैगंबर यूसुफ (अलैहिस्सलाम) यांची समजतात. पाळण्यातले नाव एका विहिरीला राहिले आणि तेही लोकांनी दुसऱ्यांचे मानले.

मस्जिदे अक्साच्या मिंबरची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगावी अशी आहे. बैतुल मुकद्दस एक दिवस परत मिळेल या उमेदीने नूरुद्दीन जंगी यांनी हलबमध्ये एक सुंदर लाकडी मिंबर करून घेतला होता. त्यावर त्यांचे नाव होते आणि कारागिरांचीही नावे होती. नूरुद्दीन ११७४ मध्ये वारले. त्यांच्या पश्चात सलाहुद्दीन यांचे त्यांच्या वारसांशी पटले नव्हते, लढायाही झाल्या होत्या. तरी शहर हाती आल्यावर सुलतानांनी तोच मिंबर हलबहून आणवून अक्सात बसवला, त्यावरच्या नावासकट. नवा मिंबर करून स्वतःचे नाव घालायला त्यांना कोण अडवणार होते? आठशे वर्षे गेली आणि लोक त्याला 'सलाहुद्दीनचा मिंबर' म्हणू लागले! २१ ऑगस्ट १९६९ रोजी एका माथेफिरूने लावलेल्या आगीत तो जळाला. जुन्या नमुन्याबरहुकूम जॉर्डनमध्ये घडवलेला नवा मिंबर २००७ मध्ये तिथे बसवण्यात आला.

४ मार्च ११९३, हिजरी २७ सफर ५८९ रोजी दमिश्कमध्ये सुलतानांचा इंतकाल झाला. त्यांच्या सहवासात राहिलेले काझी बहाउद्दीन लिहितात की खजिन्यात निघाले सोन्याचे १ नाणे आणि ४७ दिरहम. मागे ना घर, ना बाग, ना शेत, ना गाव. त्यांची मजार उमवी मस्जिदीला लागून आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा तिथे गेला आणि त्याने सोन्याचा मुलामा दिलेला धातूचा हार त्यांना अर्पण केला. १९१८ मध्ये लॉरेन्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तो काढून नेला. आज तो लंडनच्या युद्ध संग्रहालयात आहे. बाहेरून आलेला मान असा येतो आणि जातो. मजारीवर फातिहा पढणाऱ्यांना त्या हाराची उणीव भासली नाही.

वाचकहो, आता आपल्या मशिदी-मदरशांकडे वळू. पंख्याच्या पात्यावर नाव, पाण्याच्या कूलरवर नाव, वुजूखान्याच्या फरशीवर नाव, कमानीवर नाव. मरहूम आई-वडिलांच्या ईसाले सवाबसाठी कोणी पंखा दिला आणि त्यावरचे नाव वाचून एखाद्या नमाजीच्या तोंडून दुआ निघाली, तर ती चांगलीच गोष्ट. सूरह बकराच्या २७१ व्या आयतीत उघड सदक्यालाही चांगलेच म्हटले आहे. मात्र लपवून गरजूंना देणे अधिक चांगले, असेही तिथेच सांगितले आहे. आणि उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू न देणाऱ्याला कयामतच्या दिवशी अल्लाहची सावली मिळेल, ही सहीह हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दुखणे आहे ते पुढचे. पाटीवर कोणाचे नाव वर, कोणाचे अक्षर मोठे, यावरून कमिट्या फुटतात, सख्खे भाऊ एकमेकांचा सलाम घेईनासे होतात. मशीद उभी राहते आणि जमात मोडते.

कोणी म्हणेल, नावच नसेल तर पुढच्यांना कळणार कसे? प्रश्न रास्त आहे. सुलतानांच्या बहीण सित्तुश्शाम यांनी दमिश्कमध्ये मदरसे काढले. ते शामिया या नावाने चालले म्हणून ही दानशूर स्त्री आज आपल्याला ठाऊक आहे. एरवी त्या काळच्या कितीतरी स्त्रियांची नावे पुसली गेली. शिवाय वक्फच्या दस्तऐवजात देणाऱ्याचे नाव, हद्द, हेतू स्पष्ट हवाच, नाहीतर मिळकत वाऱ्यावर जाते. कागदावर नाव ठेवणे ही जबाबदारी आहे. भिंतीवर ठेवणे ही नियतीची परीक्षा आहे. नाव लावू नका, असे आमचे म्हणणे नाही. पाटी नसती तरी आपण हे दिले असते का, एवढे देण्याआधी स्वतःला विचारावे.

आणि ज्यांच्या घरी सलाहुद्दीन आहे त्यांना आमची एक विनंती. त्याला हित्तीनची लढाई जरूर सांगा. पण तलवारीवरच गोष्ट संपवू नका. ज्यांच्याजवळ मोबदला नव्हता त्यांना सोडल्याचे सांगा. दुसऱ्याच्या नावाचा मिंबर मानाने बसवल्याचे सांगा. गव्हाच्या नावाचा मदरसा सांगा, आणि ते ४७ दिरहमही सांगा. नाव आपण मुलाला एका दिवसात देतो, त्याचा अर्थ द्यायला सगळे बालपण लागते. अल्लाह तआला आपल्या मुलांना त्यांच्या नावांची लाज राखण्याची तौफीक देवो आणि आपली छोटी-मोठी कामे, नाव असलेली आणि नसलेली, कबूल करो. आमीन.