नावानिशी स्मरण

वाचकहो, नोव्हेंबर हा आपल्या दिवंगतांच्या स्मरणाचा महिना. या महिन्याच्या आरंभी आमच्या चर्चच्या दाराशी एक वही ठेवलेली असते. घराघरांतून माणसे येतात, आपल्या मृत आप्तेष्टांची नावे तीत लिहितात, आणि २ नोव्हेंबरपासून महिनाभर ती वही वेदीपाशी राहते. तीत माणसाचे वय नसते, हुद्दा नसतो, मृत्यूचे कारण नसते. असते ते केवळ नाव. ज्या नावाने त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याच नावाने प्रभूपाशी त्याची आठवण करावयाची, एवढाच त्यामागील हेतू.

काही वर्षांपूर्वी एक माता या वहीसाठी माझ्याकडे आली. छोटाउदेपूरकडील आदिवासी कुटुंब. नवराबायको बडोद्यात बांधकामावर मजुरी करीत. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून तिच्या मुलीचे नाव मीच लिहिले. मुलगी अकराव्या वर्षी वारली होती. लिहून झाल्यावर ती माता हळूच म्हणाली, "फादर, तिला काय झाले होते ते कोणाला सांगू नका. मागे दोन बहिणी आहेत. त्यांची लग्ने व्हायची आहेत."

मी म्हणालो, "बहेन, या वहीत रोगाचे नाव कोणी लिहीत नाही." तिचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. ती मुलगी माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात होती. पुष्कळदा ती भिंतीला टेकून बसे. इतर मुले खेळावयास धावली तरी ती जागची हलत नसे. हिवाळ्यात आठ-आठ दिवस येतच नसे. एके दिवशी मी तिला सर्वांदेखत आळशी म्हटले. तिने मान खाली घातली आणि काही उत्तर दिले नाही. त्या वेळी तिच्या हाडांत कोणत्या वेदना होत होत्या याची मला कल्पना नव्हती. परंतु कल्पना नव्हती म्हणून मी निर्दोष ठरत नाही. तिला जवळ बोलावून विचारणे माझ्या हाती होते, ते मी केले नाही.

तिला सिकलसेल होता. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी वाटोळी व मऊ असते, आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू सोडून दिल्यावर हीच पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. या पेशी १० ते २० दिवसांत फुटून जातात, म्हणून शरीर सदैव निस्तेज राहते. थंडी, ताप, अतिश्रम किंवा पाणी कमी पिणे, एवढेही कळा सुरू होण्यास पुरते. आणि या साऱ्याचे मूळ किती सूक्ष्म! हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतील सहावा तेवढा बदललेला असतो. व्हर्नन इनग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५६ च्या सुमारास हा फरक शोधून काढला.

या रोगाची वैद्यकशास्त्रातील पहिली नोंद ज्याच्या रक्तावरून झाली, त्याची कथा या महिन्यात सांगण्याजोगी आहे. १९०४ साली वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटावरून एक विशीतला तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोस गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरला त्याच्या रक्तात चमत्कारिक लांबट पेशी दिसल्या, आणि त्यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० च्या नोव्हेंबरात त्यावर लेख प्रसिद्ध केला. लेखात रुग्णाचे नाव नव्हते. रुग्णाचे नाव गुप्त ठेवावे ही वैद्यकाची रीतच आहे, तीत दोष काढता येणार नाही. परंतु परिणाम असा झाला की, रोग जगभर प्रसिद्ध झाला, हेरिकसाहेबांचे नाव ग्रंथांत आले, आणि ज्याने त्या वेदना भोगल्या तो मात्र कित्येक दशके अनामिक राहिला. १९८९ साली संशोधकांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून त्याची जीवनकथा छापली, तेव्हा जगाला कळले की त्याचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल. तो शिक्षण पुरे करून १९०७ साली मायदेशी परतला होता, दंतवैद्य म्हणून लोकांची सेवा करीत होता, आणि १९१६ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, फुप्फुसाच्या विकाराने वारला. त्याचे दफन बेटाच्या उत्तरेकडील एका गावी कॅथलिक दफनभूमीत झाले. शास्त्राला त्याचे नाव ठाऊक नव्हते, तेव्हाही त्याच्या धर्मग्रामाला ते ठाऊक होते.

नोएलच्या बाबतीत जगाने रोग लक्षात ठेवला आणि माणूस विसरला. आपल्या घरांत याच्या उलट घडते. माणूस आपण विसरत नाही. त्याचा रोग मात्र त्याच्याबरोबर पुरून टाकतो. तीन पिढ्यांत कोणाची बहीण, कोणाचा काका लहानपणीच गेला, हे प्रत्येक घराला माहीत असते. "कशाने गेला?" असे विचारले तर "नजर लागली", "अशक्त होता", "आयुष्य तेवढेच होते" अशी उत्तरे मिळतात. या लपवाछपवीमुळे रोग थांबत नाही. तो पुढल्या पिढीत निमूटपणे जाऊन बसतो.

तो कसा जातो हे समजून घेतले, तर लाजेचे कारण उरत नाही. प्रत्येक मूल आपले गुण आईकडून एक व बापाकडून एक असे जोडीने घेते. ज्याच्याकडे सदोष गुण एकच आला, तो रोगी नसतो, केवळ वाहक असतो. बहुधा त्याला आयुष्यभर काही जाणवतही नाही. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या निरोगी व्यक्तीशी झाले, तर मुलांना हा रोग होत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक अशी रोगाची शक्यता असते. एक मूल आजारी जन्मले म्हणून पुढली तीन सुटली असे नव्हे. ही शक्यता दर वेळी नव्याने उभी राहते.

आणि हा गुण आपल्या लोकांत आला तरी कोठून? १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले की, वाहकांना प्राणघातक मलेरियापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. भारतात हा रोग १९५२ साली प्रथम निलगिरीच्या आदिवासींत आढळला. पुढे गुजरातच्या पूर्वपट्ट्यात, नंदुरबारकडे आणि विदर्भातही तो मोठ्या प्रमाणावर दिसून आला. हिवतापाने भरलेल्या रानांत ज्या गुणाने पूर्वजांना तारले, त्याच गुणाची किंमत आज काही लेकरे देत आहेत. याला शाप कोण म्हणेल?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात की, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू दोघांनाही दोषमुक्त करतो. आमच्या वस्त्यांत हाच प्रश्न आजही विचारला जातो, आणि बहुतेक वेळा त्याचे बोट आईकडे वळते. ज्या रोगात आईचा व बापाचा वाटा समसमान आहे, त्यात सुनेला घराबाहेर काढणे हे अज्ञान तर आहेच. ते पापही आहे.

मग करावयाचे काय? गुजरात सरकारने २००६ साली या रोगाविरुद्ध कार्यक्रम सुरू केला. त्याच्या उभारणीत वलसाडचे डॉ. यझदी इटालिया यांचा मोठा वाटा आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम चालू झाली असून, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य तिच्या आरंभी ठेवण्यात आले. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने कळांचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते, असे १९९५ साली सिद्ध झाले. बालवयात रोज पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, असे १९८६ साली अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. २०२३ साली परदेशांत जनुक-संपादनाचा नवा उपचार मान्य झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. तो आपल्या मजुरांच्या आवाक्यात केव्हा येईल ते देव जाणे. रक्ताची तपासणी मात्र आजच त्यांच्या आवाक्यात आहे.

विवाहापूर्वी वधूवरांची नावे आपण तीन रविवारी चर्चमध्ये वाचतो. माझी तरुणांना विनंती आहे की, ती नावे वाचली जाण्याच्या पुष्कळ आधी, किंबहुना सोयरीक ठरण्यापूर्वीच, त्यांनी आपले रक्त तपासून घ्यावे. दोघेही वाहक निघाले म्हणून चर्च त्यांचा विवाह अडवीत नाही. परंतु त्यांनी डोळे उघडे ठेवून, प्रार्थनापूर्वक निर्णय करावा आणि बाळ जन्मताच त्याची तपासणी करवावी. हे ज्ञान बाळाला नाकारण्यासाठी नव्हे. त्याचे स्वागत सावधपणे करता यावे यासाठी आहे.

त्या मातेला मी हे सर्व पुढे समजावून सांगितले. दोन्ही बहिणींची तपासणी झाली; एक वाहक निघाली, दुसरी नाही. लग्न जुळविताना हे सांगावे की लपवावे, याचा निर्णय त्या घराने अद्याप केलेला नाही. मी घाई करीत नाही. जो समाज वाहक मुलीला नाकारतो, त्याने आधी बदलावयास हवे, आणि त्या समाजात मीही आहे.

तिच्या थोरल्या लेकीचे नाव मी येथे देत नाही. वेदीपाशी मात्र ते दर नोव्हेंबरात घेतो, आणि घेताना तिची क्षमाही मागतो. वाचकहो, तुमच्याही घरात असे एखादे नाव असेल. या महिन्यात ते आदराने उच्चारा. आणि मुलाबाळांना जवळ बसवून, त्या जिवाने काय सोसले हेही त्यांना सांगा.